शेतनोंद: ग्लासातलं धान्य



आधी रानातलं सांगतो. हरभरा फुलोऱ्यात आलाय. कामगंध सापळ्यात रोज तीन-चार पतंग सापडतायत, म्हणजे अजून घाबरायचं कारण नाही. सलग तीन दिवस आठ-दहाच्या वर गेले की घाटे अळीची फवारणी काढायची. गव्हाचं दुसरं पाणी झालं. मका काढून, विकून मोकळा झालोय. त्या मक्याचं पुढं येईलच.

आजची नोंद मात्र बिअरवर आहे. दचकू नका. मी पिणारा माणूस नाही, आयुष्यात चार-पाच वेळा तोंड लावलं असेल. वडील माळकरी होते. आमच्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यात आमच्या घरचंही मत होतं आणि ते बरोबरच होतं. दारूनं मोडलेली घरं मी बघितलीत, तुम्हीही बघितली असतील. तेव्हा ह्या नोंदीत कुणाला प्यायला सांगणं नाही. पण ज्या ग्लासात आपलंच, म्हणजे शेतकऱ्याचंच धान्य आहे, तो एकदा शेतकऱ्याच्या नजरेनं बघायला काय हरकत आहे?

झालं असं की माझे साडू वाळूजच्या एका बिअरच्या कारखान्यातून बावीस वर्षं काम करून गेल्या महिन्यात निवृत्त झाले. त्याचं जेवण त्यांनी संभाजीनगरात ठेवलं. प्रत्येक मोठ्या शहरात एकसारखीच दिसणारी जी हॉटेलं असतात, तसलं एक. खुर्च्या त्याच, गाणी तीच, मेनूकार्डही तेच. बायका एका टेबलावर, आम्ही दोघं शेजारच्या. साडूंनी दोन पाइंट मागवल्या. देशात कुठंही गेलात तरी मिळते तीच बिअर. नाव लिहीत नाही, जाहिरात नको.

"पाव्हणं, चव तर बघा," ते म्हणाले. "बावीस वर्षं ह्याच्यावर घर चाललं माझं."

घरच्यांनी पलीकडून एकदा बघितलं, पण साडूंचा मान म्हणून काही बोलल्या नाहीत.

आता चवीचं. मका घेताना आपण दाणा दाताखाली फोडून ओल बघतो, हरभरा घेताना चावून बघतो, तूर हातात घेऊन वास घेतो. त्याच सवयीनं मी ग्लास नाकाशी नेला. वास जवळजवळ नाहीच. रंग वाळल्या गव्हाच्या काडीसारखा, आरपार दिसणारा. फेस पांढरा, दोन बोटं. पहिला घोट घेतला तर जिभेला लागला तो गारठा आणि गॅसच्या टाचण्या. चव अशी काही नाहीच. म्हणलं, ह्यासाठी लोक एवढे पैसे देतात?

साडू हसले. "थांबा जरा. गार असताना कशाचीच चव कळत नाही. कुल्फी वितळल्यावर किती गोड लागते बघा, तसंच. म्हणून तर एवढी गार करून देतात."

मग पंधरा मिनिटं ग्लास तसाच ठेवला. गप्पा मारल्या, भाजलेलं पनीर खाल्लं. परत घोट घेतला आणि तेव्हा धान्य लागलं. आधी हलका गोडसरपणा, भिजवून मोड आलेला गहू चावला की लागतो तसला. मग अगदी पुसट उकडलेल्या कणसाचा वास. शेवटी जिभेच्या मुळाशी कडू, पण फार नाही. मेथीची भाजी ह्यापेक्षा कडू असते. आणि मग सगळं झटकन साफ. मागं काही राहत नाही.

मी म्हणलं, "ह्यात मका आहे का?" साडू म्हणाले, "ह्यात नाही. तो वास जवाचाच. माल्ट गरम झालं की सुटतो. उकळताना तो उडवून लावायचा असतो, थोडा राहतोच." मग त्यांनी बाटली फिरवून लेबल दाखवलं. पाणी, जवाचं माल्ट, राइस फ्लेक्स, हॉप्स. राइस फ्लेक्स म्हणजे काय, तर पोहे! आपण सकाळी कांदा घालून खातो तेच, फक्त तुकडा तांदळाचे. हे ऐकून बायकांच्या टेबलावर हशा पिकला.

आता ह्यातली एकेक गोष्ट, कारण ती आपल्या कामाची आहे.

जव म्हणजे आपल्याकडं काही जण ज्याला सातू म्हणतात ते. महाराष्ट्रात त्याचं पीक आता नावापुरतं. राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश हा त्याचा पट्टा आणि त्यात राजस्थान पुढं. गव्हापेक्षा कमी पाण्यात, हलक्या आणि थोड्या खारवट जमिनीतही येतं. आपल्याकडं जशी ज्वारी, तसं तिकडं ते गरिबाचं आणि जनावराचं धान्य होतं. बिअरवाल्यांनी त्याला दुसरं गिऱ्हाईक आणलं.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. दाणा भिजवून त्यात ४२ ते ४६ टक्के ओल आणायची, चार-पाच दिवस मोड येऊ द्यायचे, आणि मोड फार वाढायच्या आत गरम हवेनं वाळवून त्याची वाढ थांबवायची. वाचून ओळखीचं वाटलं ना? आपल्या आया-बहिणी बाळासाठी नाचणीचं सत्त्व करतात ते हेच. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड आले की वाळवून, भाजून दळायची. मोड आलेल्या पिठाची पेज साध्या पिठापेक्षा पातळ होते, कारण मोड येताना दाण्यात जी विकरं तयार होतात ती पिष्टाची साखर करतात. बाळाला ती पचते. बिअरच्या कारखान्यात त्याच साखरेवर यीस्ट सोडतात. फरक पुढच्या पायरीचा आहे, पहिली पायरी आपल्या चुलीजवळचीच.

हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं. कडवटपणा आणि वास त्याचा. उन्हाळ्यात मोठा दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडी लागते, म्हणून आपल्याकडं ते होत नाही. भारतात हिमाचलच्या लाहौलमध्ये थोडं होतं, बाकी बहुतेक बाहेरून येतं.

आणि लागर हे नाव जर्मन भाषेतल्या साठवण ह्या अर्थाच्या शब्दावरून आलंय. १० अंशांच्या आसपास सावकाश आंबवायची आणि मग शून्याजवळच्या थंडीत साठवून निवळू द्यायची. आज जगभर जी पिवळी, आरपार दिसणारी बिअर विकली जाते तिचं मूळ बोहेमियातल्या पिल्झेन गावात, म्हणजे आताच्या चेक देशात. तिथली गोष्ट आपल्या लोकांना आवडेल. १८३८ साली गावची बिअर इतकी खराब निघाली की लोकांनी ३६ पिंपं चौकात ओतून दिली, असं सांगतात. आपण टोमॅटो आणि दूध रस्त्यावर ओततो तसं. फरक एवढाच की त्यांनी भावासाठी नाही, गुणासाठी ओतलं. मग गावानं नवा कारखाना काढला, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला आणि १८४२ साली त्यानं ही नवी बिअर काढली.

मग त्यात तांदूळ कुठून आला? स्वस्त पडतो हे आहेच, पण कृषीचं कारण आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन कारागीर अमेरिकेत गेले. तिथला जव सहा ओळींचा, म्हणजे कणसात दाण्याच्या सहा रांगा. त्यात प्रोटीन जास्त. प्रोटीन जास्त झालं की बिअर गढूळ होते. म्हणून त्यांनी त्यात मका आणि तांदूळ घातला. नुसतं पिष्ट वाढलं, प्रोटीनचं प्रमाण खाली आलं, बिअर निवळली. चवही हलकी झाली, आणि लोकांना तीच आवडायला लागली. माझ्या जिभेला जे "मागं काही राहत नाही" वाटलं, ते ह्या पोह्यांचं काम.

इथं कृषी पदवीधर मंडळींनी लक्ष द्या. माल्टच्या जवात प्रोटीन साधारण ९ ते ११.५ टक्क्यांत हवं. वर गेलं की माल नापसंत. म्हणजे जो युरियाचा उशिराचा हप्ता गव्हात प्रोटीन वाढवतो म्हणून चांगला, तोच माल्टच्या जवात वाईट. दाणा टपोरा हवा, चाळणीवर मोजतात. आणि उगवण ९५ टक्क्यांच्या वर हवी, कारण उगवलाच नाही तर मोड कुठून? भिजलेला, तापलेला, मळणीत फुटलेला दाणा चालत नाही. त्यासाठी कर्नालच्या गहू आणि जव संशोधन संस्थेनं डीडब्ल्यूआरयूबी-५२ सारखे दोन ओळींचे वाण काढले. दोन ओळींचा दाणा एकसारखा भरतो.

म्हणजे तिकडचा शेतकरी जव पिकवत नाही, ठरावीक प्रोटीनचा, ठरावीक जाडीचा, जिवंत दाणा पिकवतो. आपण मका पिकवतो तो नुसता मका. वजन झालं की झालं.

आता मक्याची गोष्ट. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमच्याकडं मका उभ्यानं भिजला. वाळवायला ऊन मिळालं तेवढं मिळालं. हमीभाव २४०० रुपये, हातात आला १६५०. ते सगळ्यांचंच झालं, त्याचं रडगाणं नको. पण ४२ क्विंटल घेऊन गेलो तेव्हा काट्यावरच्या माणसानं मशीन लावलं, स्वतःच बघितलं आणि म्हणाला, ओल १९ टक्के, क्विंटलमागं १० किलो कट्टी. मशीनचा आकडा मला दिसला नाही. चिठ्ठी मागितली तर म्हणाला, चिठ्ठी मिळत नाही. मागं ट्रॉल्यांची रांग, परत आणायचं भाडं अंगावर. दिला.

घरी येऊन हिशोब केला. त्याचा आकडा खरा धरला तरी हिशोब असा बसतो: ओल १९ म्हणजे कोरडं धान्य ८१. चौदा टक्के ओलीला कोरडं धान्य ८६. ८१ भागिले ८६ म्हणजे ०.९४२. म्हणजे १०० किलोचे ९४ किलो २०० ग्रॅम धरायला पाहिजेत, कट्टी ५ किलो ८०० ग्रॅम. वाळवणीचा खर्च वेगळा सांगून घेतला असता तर समजू शकतो. त्यानं न सांगता १० घेतली. क्विंटलमागं ४ किलो २०० ग्रॅम जास्त, ४२ क्विंटलला जवळपास पावणेदोन क्विंटल, म्हणजे २९०० रुपये. हे सूत्र लिहून ठेवा, कुठल्याही धान्याला चालतं: शंभरातून तुमची ओल वजा करा, आलेल्या आकड्याला शंभरातून ठरलेली ओल वजा करून भागा.

हे मी साडूंना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडं माल्टची गाडी आली की तीन जागी बांबू मारून नमुना काढायचे. अर्धा आमच्याकडं, अर्धा सील करून ठेवायचा. भांडण झालं तर तो फोडायचा." म्हणजे दोन कंपन्या एकमेकींशी व्यवहार करतात तेव्हा सीलबंद नमुना आणि कागद असतो. शेतकरी आणि काटा ह्यांच्यात मात्र नुसता शब्द. तोही एकाच बाजूचा.

आणि आता जे सांगतो ते मला स्वतःला फार मोठं वाटतं. तुमच्या माती परीक्षणाच्या कागदावर पहिला आकडा असतो सामूचा, म्हणजे पीएचचा. आमच्या काळ्या रानाचा आठच्या वर येतो. हे सामूचं माप कुठं जन्मलं माहितीये? कोपनहेगनला, कार्ल्सबर्ग ह्या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. १९०९ साली सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञानं ते मांडलं. त्याच प्रयोगशाळेत १८८३ साली योहान केल्डाल ह्यानं नत्र मोजायची रीत काढली, कारण जवात प्रोटीन किती हे बिअरवाल्यांना हवं होतं. आजही सरकी पेंडेच्या पोत्यावर "क्रूड प्रोटीन" छापलेलं असतं, ते त्याच रीतीचं: नत्र मोजायचं आणि ६.२५ नं गुणायचं. कृषी महाविद्यालयात ज्यांनी केल्डालचं उपकरण धुतलंय त्यांना हे नाव पाठ असेल, पण ते बिअरमधून आलंय हे किती जणांना सांगितलं गेलं?

अजून एक. आयर्लंडमध्ये डब्लिनला गिनेसचा कारखाना आहे. त्यांची बिअर लागर नव्हे, काळी असते. तिथं गॉसेट नावाचा माणूस नोकरीला होता. त्याच्यापुढं प्रश्न असा की नमुने आणि प्रयोगाचे प्लॉट हातात चार-सहाच असतात, मग दिसलेला फरक खरा की योगायोग, हे कसं ओळखायचं? १९०८ साली त्यानं "स्टुडंट" ह्या टोपणनावानं उत्तर छापलं. तीच आजची टी-टेस्ट. आपल्याला एका प्लॉटचा हिरवागार फोटो दाखवून कुणी औषध विकायला आलं, तर त्याला एवढंच विचारा: प्लॉट किती होते, आणि शेजारी औषध न मारलेला होता का? शंभर वर्षांपूर्वी बिअरवाल्यांनाही हाच प्रश्न पडला होता.

कार्ल्सबर्गची जी गोष्ट मनात बसली ती वेगळीच आहे. मालक याकोबसेन ह्यानं प्रयोगशाळेच्या नियमातच लिहून ठेवलं की इथं लागलेला महत्त्वाचा शोध लपवून ठेवायचा नाही. १८८३ मध्ये हान्सेननं शुद्ध यीस्ट वेगळं काढलं, तेव्हा ते दुसऱ्या कारखान्यांनाही दिलं गेलं. धंद्यात एकमेकांचे वैरी असलेल्या लोकांना! आणि इथं आमच्याच मक्याची ओल आम्हाला दाखवत नाहीत.

पैशाचा हिशोबही करू. साडूंच्या सांगण्यानुसार १०० लिटर बिअरला तांदूळ धरून साधारण १६ ते १७ किलो धान्य लागतं. म्हणजे ३३० मिलीच्या पाइंटला ५५ ग्रॅम, एक मूठ. जवाचा २०२५-२६ च्या खरेदी हंगामाचा हमीभाव १९८० रुपये. त्या भावानं मूठभर धान्याचा एक रुपया दहा पैसे होतात. चांगल्या मालाला जास्त मिळतो म्हणून दीड रुपया धरा. बिलात एका पाइंटचे लागले ३७५. ह्यात अर्थात एक्साइज आहे, व्हॅट आहे (दारूला जीएसटी नाही, म्हणून बिलाचे दोन भाग होतात), बाटली, गारवा, हॉटेलचं भाडं, पगार सगळं आहे. सगळी लूट आहे असं मी म्हणत नाही. पण शेतकऱ्याचा भाव दुप्पट केला तरी त्या ग्लासाची किंमत दीड रुपयानं वाढेल, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही. शेतमालाचे भाव वाढले की महागाई होते असं कुणी म्हणालं, तर हा एक हिशोब हाताशी असू द्या.

आता पाण्याचं. ते टाळून ही नोंद पुरी होणार नाही.

वाळूजच्या कारखान्यांना पाणी जायकवाडीचं. आमचं गाव पैठण तालुक्यातलं. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते त्याच एप्रिलमध्ये. माझी मोसंबीची तीनशे झाडं होती. २०१२-१३ चा दुष्काळ टँकरवर काढला, तेव्हा वाचली. २०१६ ला नाही वाचली. मे महिन्यात करवत लावली, लाकूड वीटभट्टीवाल्यानं नेलं. त्याच एप्रिलमध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं बिअर-दारूच्या कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के कापायचा आदेश दिला. पेपरात वाचून आम्ही पारावर एकमेकांना टाळ्या दिल्या होत्या.

ह्या विषयावर साडू आणि मी नऊ वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. ते म्हणाले, "पाणी कापलं तसं कंत्राटी पोरांना घरी बसवलं. पाटोद्याची, बीडची पोरं होती. गावाकडं पाणी नाही म्हणून तर कामाला आली होती." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमची बाग गेली तेव्हा मला फोन करायचं धाडस झालं नाही."

मी काय बोलणार? माझी झाडं गेली होती, त्यांच्या पोरांची कामं गेली होती, आणि पाणी दोघांकडंही नव्हतं.

घरी आल्यावर आकडे मांडले, कारण रागाला आकडा लावून बघायची मला सवय आहे. चांगला कारखाना एक लिटर बिअरला ३ ते ५ लिटर पाणी वापरतो. चार धरा. पाटपाण्यावरच्या उसाला साधारण २५० सेंटिमीटर पाणी लागतं. एका एकराचं ते होतं एक कोटी लिटर. म्हणजे एक एकर ऊस जेवढं पाणी पितो, तेवढ्यात २५ लाख लिटर बिअर निघते. जवाला शेतात लागलेलं पाणी ह्यात नाही, ते राजस्थानच्या विहिरींमधून आलंय आणि तिथंही पाणी खोल गेलंय. तरीही आपल्या खोऱ्यातलं पाणी मोजायचं झालं तर बिअर हा छोटा आकडा आहे आणि पाटाचा ऊस मोठा. दुष्काळात प्यायचं पाणी आधी, ह्यात वाद नाही, तो आदेश त्या वेळी रास्तच होता. पण बिअरचं पाणी तोडल्यावर आपण टाळ्या देतो आणि उसाच्या पाण्याचा विषय निघाला की उठून जातो. माझ्या भावाचा दीड एकर ऊस आहे, ठिबक नाही. हे वाचून तो फोन करणार. करू दे.

कारखान्याचा चोथा आपल्या दुधवाल्या मंडळींना माहीतच आहे. जवातली साखर काढून घेतल्यावर उरलेला ओला भुसा. कोरड्या वजनावर प्रोटीन चांगलं असतं, पण निम्म्याहून बरंच जास्त पाणीच असतं, तेव्हा भाव ठरवताना पाण्याचे पैसे देताय हे ध्यानात घ्या. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. आंबूस वास चालेल, हिरवी-काळी बुरशी दिसली तर गायीला घालू नका. रोज लागेल तेवढाच आणा.

एकंदरीत बिअर कशी होती? खरं सांगतो, चवीला साधी. पण साडूंनी जे सांगितलं त्यानं तिच्याबद्दल आदर वाटला. दरवर्षी जव वेगळा येतो, पाऊस वेगळा, माती वेगळी, पाणी वेगळं. तरी नागपूरला, गोव्याला, संभाजीनगरला तीच चव द्यायची. त्यासाठी प्रत्येक गाडी मोजायची, माल मिसळायचा, घट्ट बिअर करून शेवटी पाणी घालून ठरलेल्या आकड्यावर आणायची. आपल्या एकाच रानातल्या दोन टोकांच्या मक्याला दोन भाव येतात. त्यांच्याकडं मोजमाप आहे, आपल्याकडं अंदाज आहे. आणि मोजणारा नेहमी अंदाजवाल्यापेक्षा वरचढ ठरतो.

म्हणून आमच्या गटाच्या बैठकीत तीन गोष्टी मांडणार आहे.

एक, गटाचं स्वतःचं ओलावा मोजायचं मशीन. घेताना मक्याची सेटिंग आहे का बघायचं, मळणीचा गरम दाणा मोजायचा नाही, एकाच नमुन्याचे तीन आकडे घेऊन सरासरी काढायची. आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ओव्हनवर तपासून आपलं मशीन किती इकडं-तिकडं दाखवतं ते पाठीवर लिहून ठेवायचं.

दोन, ट्रॉली भरतानाच पाच-सहा जागचा नमुना एकत्र करून दोन पिशव्या. हवाबंद, तारीख आणि सह्या. एक आपल्याकडं, एक खरेदीदाराकडं.

तीन, एकट्यानं जायचं नाही. पाच ट्रॉल्या एकत्र गेल्या की चिठ्ठी मागता येते. एकट्या ट्रॉलीला मागची रांग ढकलते.

तुमच्या भागात कट्टी किती टक्क्यांना किती किलो घेतात आणि चिठ्ठी देतात का, ते लिहा. गावाचं नाव आणि पीक टाका, खरेदीदाराचं नाव नको, आपल्याला भांडण नाही, आकडे हवेत. महाराष्ट्रात कुणी सातू पेरला असेल तर त्यांनीही लिहा; एका गुंठ्यावर मी पुढच्या रब्बीत करून बघणार आहे, बिअरसाठी नाही, पीठ खायला.

मशीनचे दर तीन ठिकाणांहून मागवलेत. आले की इथं टाकतो. तोवर सापळे रोज सकाळी बघत जा, ढगाळ आहे.